चामखीळ आणि चारित्र्य

पाचव्या इयत्तेतील मुलींच्या लसीचे संमतिपत्र घरी जाते, तेव्हा काही पत्रे सहीविनाच परत येतात. एका आईने आम्हाला फाटकापाशी गाठून हळूच विचारले, "गुरुजी, ही लस त्या रोगाचीच ना? आमच्या घरात तसले काही नाही हो." तसले म्हणजे कसले, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही संकोचाने विचारले नाही. शिक्षकाला हे शोभले नाही. म्हणून आज लिहितो.

गुह्यांगावर उठणाऱ्या चामखिळींचे मूळ एचपीव्ही नावाच्या विषाणूत आहे. त्याचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. अशा १०० पैकी सुमारे ९० रुग्णांत ६ व ११ क्रमांकाचे प्रकार सापडतात. त्यांतून सहसा कर्करोग होत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे मुख्यतः १६ व १८ हे त्यांचे भाऊबंद असतात. म्हणून चामखीळ असो वा नसो, स्त्रियांनी त्या तपासणीत टाळाटाळ करू नये.

हा विषाणू शरीरसंबंधात त्वचेच्या स्पर्शाने पसरतो. निरोधाने धोका कमी होतो, पण न झाकलेली त्वचा उरतेच. शिवाय चामखीळ उठायला काही आठवडे लागतील, महिने लागतील, क्वचित वर्षेही. आज दिसलेली खूण लग्नाआधीची असू शकते. ती कोणाकडून आली, हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. आपल्याकडे मात्र आधी घरात चौकशी बसते आणि डॉक्टर मागाहून. कित्येक सुना तर लाजेपायी सासूला सोडा, नवऱ्यालाही सांगत नाहीत.

मग सुरू होतात घरगुती उपाय. चुना, झाडाचा चीक, नाहीतर फार्मसीतून आणलेले हातापायाच्या चामखिळीचे औषध! त्या नाजूक जागी यांनी कातडी भाजते. डॉक्टर योग्य मलम देतात, द्रव नायट्रोजनने चामखीळ गोठवतात किंवा काढून टाकतात. गरोदर बाईने तसे आधी सांगावे, कारण काही औषधे तिला चालत नाहीत. चामखिळी पुन्हा उठल्या तर घाबरू नये. असे पुष्कळदा होते. बहुतेकांच्या शरीरात हा विषाणू दोनएक वर्षांत आपोआप दबतो. आपल्या सरकारी रुग्णालयात तर पैसेही पडत नाहीत.

आता त्या आईचा प्रश्न. मॉरिशसमध्ये २०१६ पासून शाळकरी मुलींना दिली जाणारी ही लस मुख्यतः गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्ध आहे. एचपीव्हीच्या काही लसी चामखिळीही टाळतात. झालेला संसर्ग लसीने बरा होत नाही, म्हणूनच ती इतक्या लहान वयात द्यायची. मुलीच्या वागणुकीशी तिचा काय संबंध? गोवराची लस टोचताना आपण बाळाच्या चारित्र्याची चौकशी करतो काय?

त्या बाई उद्या पुन्हा फाटकाशी येतील. कोरे संमतिपत्र आम्ही टेबलाच्या खणात जपून ठेवले आहे.