मोठेपणी आवडेल, हे गृहीत धरू नका

आमच्या कोर्समेट्सच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हल्ली एक नवाच प्रकार सुरू झाला आहे. पंचवीस वर्षांपूर्वी खडकवासल्याला ज्यांच्या केबिनमधून ब्रायन अ‍ॅडम्स आणि लकी अलीशिवाय दुसरं काही ऐकू यायचं नाही, ते आता सकाळी सकाळी भीमसेन आणि कुमार गंधर्व पाठवतात. खाली ठरलेला शेरा असतो: वय झालं की कळतं, खरं संगीत कुठलं ते.

मला हे पटत नाही. वय सगळ्यांचंच झालं आहे, पण सगळे काही भीमसेनांकडे वळलेले नाहीत. ज्याच्या घरी सकाळी आकाशवाणीवर अभंग लागायचे तो अभंगांकडे गेला. ज्याचे वडील फौजेत होते आणि ज्याचं बालपण कॅन्टोनमेंटमध्ये गेलं, तो मुकेश आणि जगजीत सिंगवर येऊन थांबला. मणिपूरचा एक दोस्त आहे, तो चर्चच्या समूहगानाचे व्हिडिओ टाकतो. म्हणजे जो तो आपापल्या घरी परतला आहे. याला प्रगल्भता म्हणायचं असेल तर म्हणा.

१९८९ मध्ये हॉलब्रुक आणि शिंडलर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना अनेक दशकांतली लोकप्रिय गाणी ऐकवून पसंती विचारली होती. लोकांना सर्वाधिक आवडली ती स्वतःच्या तेवीस-चोविसाव्या वर्षाच्या आसपास गाजलेली गाणी. पुढे अशी पाहणी बऱ्याच जणांनी केली, वयाचा आकडा थोडा मागेपुढे होतो, पण तरुणपणी ऐकलेलं घट्ट चिकटतं हे कायम राहतं. माझी भर एवढीच, की त्या थराखाली आणखी एक थर असतो, लहानपणी आपण न निवडता कानावर पडलेल्या आवाजांचा. चाळिशीनंतर वरचा थर जरा झिजला की खालचा दिसायला लागतो. (फायरिंग रेंजवर वीस वर्षं काढलेल्यांच्या बाबतीत कानही झिजलेले असतात. चार हजार हर्ट्झच्या आसपासचं आधी जातं. पण तो विषय वेगळा.)

सध्या मी एनसीसीत आहे, तंजावरच्या बाजूला. कामाचा बराचसा भाग म्हणजे गाडीतून गावोगावच्या शाळा-कॉलेजांना भेटी देणं. तिरुवैयारू, पापनाशम, कुंभकोणम, आडुतुरै. कालवे, भाताची खाचरं, आणि दर काही मैलांवर एक गोपुर. आडी महिन्यात, म्हणजे साधारण आपल्या आषाढ-श्रावणात, या गावांतून अम्मनचे उत्सव चालतात आणि कर्ण्यांवर एल. आर. ईश्वरी यांची देवीची गाणी लागतात. १९६० च्या दशकात याच बाई तमिळ सिनेमातल्या क्लबमधल्या गाण्यांसाठी प्रसिद्ध होत्या. आमच्या कॅडेट्सना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. त्यांच्यापुरत्या त्या देवीच्याच गायिका.

कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरमला मराठी माणसाने एकदा तरी जावं. तिथे विठ्ठल-रखुमाईचं मोठं देऊळ आहे, आणि या भागातल्या भजन परंपरेत आपले अभंग आजही गायले जातात. तंजावरवर १६७० च्या दशकापासून १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं. पुढे एकोणिसाव्या शतकात मोरगावकर बुवांसारखे कीर्तनकार इथे येऊन राहिले, तंजावर कृष्ण भागवतरांनी त्यांच्या कीर्तनाचं वळण तमिळ हरिकथेत आणलं, आणि साकी, दिंडी, ओवी इथल्या झाल्या. हा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. मला कुतूहल वाटतं ते सत्तरीच्या पाट्टींचं. पाट्टी म्हणजे आजी. त्यांना मराठी येत नाही, उच्चार तमिळ, अर्थ ढोबळ माहीत, पण तुकोबांचा अभंग तालात चुकत नाहीत. सात-आठ वर्षांच्या असताना आईच्या मांडीशी बसून ऐकलेलं आहे ते. आवड-निवडीचा प्रश्नच तेव्हा नव्हता.

मुत्तुस्वामी दीक्षितरांचं उदाहरणही असंच आहे. जन्म तिरुवारूरचा, १७७५ च्या सुमाराचा. तरुणपणी कुटुंब मद्रासजवळ मनलीला राहायला गेलं तेव्हा इंग्रजांच्या बँडच्या चाली कानावर पडल्या आणि त्यांवर त्यांनी संस्कृत शब्द बसवले, ब्रिटिश राष्ट्रगीताच्या चालीवरही. अशा रचना चाळीसच्या घरात आहेत. फौजी बँडची चाल उचलणारा हा तरुण पुढे कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तीतला एक झाला, संथ, भारदस्त कृतींसाठी ओळखला गेला. कॅडेट्सच्या हेडफोनमध्ये काय वाजतंय यावरून कपाळाला आठ्या घालणाऱ्या आमच्या वयाच्या लोकांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. मात्र दीक्षितरांच्या घरी वडीलही मोठे वाग्गेयकार होते. बँड वरून आला, खालचा थर आधीच भरलेला होता.

आता नागस्वरम. आपल्या सनईच्या कुळातलं, पण कितीतरी लांब आणि दणदणीत. जोडीला तविल. आडुतुरैजवळच्या नरसिंगमपेट्टैत ही वाद्यं बनतात. आच्चा लाकूड लागतं, ज्याला आपण अंजन म्हणतो, आणि तेही जुन्या घरांतून निघालेलं, मुरलेलं. २०२२ मध्ये या वाद्याला भौगोलिक मानांकन मिळालं. शेजारच्याच तिरुवावडुतुरैचे टी. एन. राजरत्नम पिळ्ळै यांनी खालच्या पट्टीचं लांब नागस्वरम रूढ केलं. देवळात कोणत्या प्रहराला कोणता राग याची परंपरा आहे, पहाटे भूपाळम, शेजारतीला नीलांबरी. पूर्वी गावातल्या मुलाला, शेतमजुराच्या असो की मिरासदाराच्या, हे तिकीट न काढता रोज ऐकू यायचं.

आता कित्येक लहान देवळांत आरतीला मोटरवर चालणारं घंटा-नगाऱ्याचं यंत्र आहे. बटण दाबलं की सुरू. आपल्याकडेही आहे, आपल्याकडे तर सनई-चौघडा लग्नाच्या हॉलमध्ये रेकॉर्डवरच उरला आहे. यंत्राला मानधन नको, जेवण नको, ते उशिरा येत नाही. लहान देवळाचं उत्पन्न बघता विश्वस्तांना दोष देणं सोपं आहे, म्हणून मी तो देत नाही. दोष द्यायचा तर त्या आरामशीर समजुतीला देईन, की पोरं आज ऐकत नाहीत तर राहू दे, मोठी झाली की आपोआप वळतील. कशाकडे वळतील? ज्या आठ वर्षांच्या मुलाने देवळात फक्त मोटरचा ठणठणाट ऐकला, तो पंचेचाळिसाव्या वर्षी हळवा होऊन तोच शोधेल. आणि तोवर वाजवणाऱ्यांची मुलं दुसऱ्या कामाला लागलेली असतील. कलाकार काही वीस-तीस वर्षं श्रोत्याची वाट बघत थांबत नाही, त्याला या महिन्याचं किराणा भरायचं असतं.

म्हणून मुलांना आवडतं का, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. त्यांनी आवडून घ्यावं असा आग्रहही नाही. त्यांच्या कानावर पडावं, आणि वाजवणाऱ्याला रास्त पैसे मिळावेत, एवढंच. आमच्या गेल्या शिबिराच्या समारोपाला डीजेचा ठराव आला होता. तो ठेवला, पण आधी अर्धा तास दोन नागस्वरम आणि दोन तविल बोलावले. बिदागी डीजेइतकीच दिली, त्यावर हिशेब बघणाऱ्या सुभेदार साहेबांनी भुवया उंचावल्या. निम्मी मुलं मोबाइलमध्ये होती. मागच्या रांगेत एक जण तविलच्या तालावर गुडघ्यावर बोटं आपटत होता, बहुधा त्याच्याही लक्षात नसावं. पुढच्या शिबिराचं अंदाजपत्रक पाठवताना ती रक्कम वेगळ्या ओळीत टाकली आहे. बघू, मंजूर होते का.