दाराबाहेरचा मोती

बोरिवली, मुलुंड व ठाणें या बाजूच्या दोघां-तिघां वाचकांनीं पत्रद्वारें विचारिलें आहे कीं, बिबट्याच्या भयास्तव घरचें कुत्रें दुसऱ्या कोणास देऊन टाकावें काय? या प्रश्नाचें उत्तर देण्याचा अधिकार आम्हांस मोठ्या दुःखद रीतीनें प्राप्त झाला आहे.

आमचें बिऱ्हाडही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेसच आहे. सुमारें १०४ चौरस किलोमीटरांच्या या अरण्यास महानगरानें बहुतेक बाजूंनीं वेढिलें असून बिबटे त्यांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. आमच्या नातवाचा मोती नांवाचा कुत्रा चार वर्षें आमच्याकडे होता. सोंवळ्याओंवळ्याच्या आमच्या कल्पना जुन्या. सबब त्यानें उंबरठा ओलांडूं नये असा दंडक होता. रात्रीं त्यास पायरीशीं साखळीनें बांधीत असूं. "निदान थंडीचें तरी आंत घ्यावें," असें घरांतून अनेकदां सांगणें झालें. आम्हीं ऐकिलें नाहीं. नवल हें कीं, कुत्र्यावांचून स्वर्गांत पाऊल न टाकणाऱ्या धर्मराजाची कथा आम्ही पस्तीस वर्षें वर्गांत गहिंवरून सांगत आलों होतों! एके पहाटे पायरीवर साखळी तेवढी उरली होती. नातवानें आम्हांस एक शब्दही विचारिला नाहीं. ती साखळी उचलून त्यानें दप्तरांत ठेविली.

पिंजरा लावण्याविषयींचा अर्ज शेजाऱ्यांनीं सहीसाठीं प्रथम आमच्याकडेच आणिला, आणि आम्हीं लेखणी उचललीही होती. परंतु वनखात्याच्या एका अधिकाऱ्यांनीं आम्हांस समजाविलें कीं, बिबट्या हद्द धरून राहणारा प्राणी आहे. एक नेला कीं रिकाम्या जागीं दुसरा येतो. जुन्नर भागांत २००१ ते २००३ च्या सुमारास पुष्कळ बिबटे धरून दूर सोडण्यांत आले, तेव्हां उपद्रव कमी न होतां उलट वाढला, आणि जेथें ते सोडिले तेथेंही माणसांवर हल्ले झाले. शिवाय, नुसता दिसला म्हणून बिबट्यास धरण्याची मुभा १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा देत नाहीं. आम्हीं सही केली नाहीं. शेजारी कांहीं दिवस बोलेनासे झाले.

अंगावरील ठिपके बेटांसारखे दिसतात म्हणून संस्कृतांत यास 'द्वीपी' म्हणतात. नांव सुंदर आहे. पण हरणाडुकरांबरोबर कुत्रें हेंही त्याचें नेहमींचें भक्ष्य! आणि गल्लींतील कुत्रीं जमतात तीं आपण टाकिलेल्या खरकट्यावर. तेव्हां कचरा उघडा न टाकणें हा पहिला उपाय होय.

दुसरा उपाय दाराचा. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत जनावर आंतच असावें. बांधलेल्या कुत्र्यास पळतांही येत नाहीं, लढतांही येत नाहीं. आंत जागा नसेलच, तर चारी बाजूंनीं व वरूनही मजबूत जाळी असलेली, कडीबंद खोली करावी. कुंपणाचा भरंवसा धरूं नये. बिबट्या चढण्यांत पटाईत आहे. तिन्हीसांजा फिरावयास नेतांना दोर आंखूड व हातीं बॅटरी असावी. बिबट्या मान धरितो, म्हणून हिमालयांतील गद्दी मेंढपाळ कुत्र्यांच्या गळ्यांत खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालितात; शहरांत बंद दार बरें. मांजरासही हाच नियम, त्यास कितीही राग येवो. बिबट्या दिसल्यास गर्दी वा पाठलाग न करितां वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावें.

एवढें केल्यास कुत्रें देऊन टाकण्याचें कारण नाहीं. आमच्याकडेही यंदा नवें पिल्लूं आलें आहे. तें माजघरांत निजतें. पूजेच्या वेळीं आम्ही देवघराचें दार लोटून घेतों, इतकेंच. त्याचें नांव ठेवतांना नातवानें आम्हांस विचारिलें नाहीं. साखळी अद्याप त्याच्याच जवळ आहे.