पवई की बेंगळुरू?

जून महिना उजाडला की शैक्षणिक कर्जाच्या टेबलाशी येणाऱ्या पालकांच्या चेहऱ्यावर आनंद आणि काळजी सारख्याच प्रमाणात दिसतात. बेंगळुरूतील आमच्या शाखेत अशाच एका सकाळी बेळगावचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलीला पवईच्या आय.आय.टी.त धातुशास्त्र अभियांत्रिकीला प्रवेश मिळत होता आणि येथील भारतीय विज्ञान संस्थेत विज्ञानाच्या पदवीला. गृहस्थांनी विचारले, "साहेब, खरं सांगा, दोन्हींत मोठी संस्था कोणती?" मुलगी शेजारी गप्प बसून होती.

हा प्रश्न अनेक सुजाण पालक विचारतात. माझ्या मते तो प्रश्नच थोडा चुकीचा आहे. संस्था कोणती मोठी, यापेक्षा ती कशासाठी स्थापन झाली आणि आपल्या पाल्याची ओढ कशाकडे आहे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

बेंगळुरूची संस्था जमशेटजी टाटांच्या संकल्पातून आणि म्हैसूर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर १९०९ साली उभी राहिली. जुने बेंगळुरूकर तिला आजही 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात. पदवीनंतरचे शिक्षण आणि संशोधन हाच तिचा मूळ हेतू. बारावीनंतरच्या विद्यार्थ्यांसाठी चार वर्षांचा विज्ञान पदवी अभ्यासक्रम तेथे सुरू झाला तो थेट २०११ साली, म्हणजे स्थापनेनंतर १०२ वर्षांनी. पहिली तीन सत्रे सर्वांना भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र यांबरोबर थोडी अभियांत्रिकी आणि मानव्यविद्याही शिकावी लागते. मुख्य विषय त्यानंतर ठरतो आणि चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प करावा लागतो.

पवईची संस्था १९५८ सालची. स्वतंत्र भारताच्या उद्योगांना कुशल अभियंते हवे होते, म्हणून युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत साहाय्याने ती आकारास आली. तेथे शाखा प्रवेशाच्या वेळीच ठरते आणि पहिल्या वर्षापासून अभियंता घडविण्याच्या दृष्टीने शिक्षण सुरू होते.

अर्थात ही विभागणी आज काटेकोर राहिलेली नाही. पवईतही उत्तम संशोधन चालते आणि बेंगळुरूच्या संस्थेने २०२२ मध्ये गणित व संगणन या विषयाचा बी.टेक. अभ्यासक्रम सुरू केला. तरीही घराण्याचे संस्कार जसे सहजासहजी पुसले जात नाहीत, तसा संस्थेचा मूळ स्वभावही टिकून राहतो.

ओढ म्हणजे काय, याचे एक उदाहरण मराठी वाचकांना जवळचे वाटेल. कमला भागवत, म्हणजे विवाहानंतरच्या कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी या बेंगळुरूच्या संस्थेत अर्ज केला. संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन. स्त्री असल्याच्या कारणावरून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर परीक्षणाच्या कठोर अटींवर त्यांना प्रवेश मिळाला. १९३६ साली त्या एम.एस्सी. झाल्या आणि पुढे केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्यांनी जीवरसायनशास्त्रात नाव कमावले. आपल्याला काय शिकायचे आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते, म्हणून नकार पचवूनही त्या उभ्या राहू शकल्या.

आता पुन्हा आमच्या टेबलाकडे वळू. मी मुलीला विचारले, "तुला स्वतःला काय आवडतं?" ती हळूच म्हणाली, "भौतिकशास्त्र. पण अभियंता झाले तर नोकरी लवकर लागेल आणि कर्ज बाबांच्या अंगावर पडणार नाही." वडील चकित होऊन तिच्याकडे पाहत राहिले. घरात हा विषय कधी निघालाच नव्हता.

मग आम्ही कागदावर हिशेब मांडला. आय.आय.टी.चे शिक्षणशुल्क २०१६ पासून वर्षाला २ लाख रुपये आहे. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांना त्यात मोठी सवलत आहे, पण या कुटुंबाला ती लागू नव्हती. विज्ञान संस्थेतील विज्ञान पदवीचे शुल्क त्या मानाने अगदीच थोडे. म्हणजे कर्जाच्या धास्तीने मुलगी जी वाट धरत होती, तीच अधिक कर्जाची होती! दुसरी बाजूही मी लपविली नाही. संशोधनाच्या मार्गात कमाई उशिरा सुरू होते, पीएच.डी.च्या कनिष्ठ छात्रवृत्तीची रक्कम जानेवारी २०२३ पासून मासिक ३७,००० रुपये आहे, आणि अभियंत्याचा पगार अनेकदा त्याहून बराच अधिक असतो. शिवाय शिक्षणकाळात हप्ता नसला तरी व्याजाची आकारणी चालूच राहते. परतफेड साधारणतः अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होते. पुढे शिकायचे असल्यास ती मुदत वाढवून मिळेल का, हे कर्ज घेतानाच विचारून घ्यावे.

हिशेब समोर आल्यावर बापलेक दोन दिवसांनी येतो म्हणून गेले. आले ते विज्ञान संस्थेच्या प्रवेशाची कागदपत्रे घेऊन. अर्जातील कर्जाची रक्कमही पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी होती. दुसऱ्या एखाद्या मुलासाठी पवई हाच योग्य निर्णय ठरला असता. ज्याला यंत्रे, प्रक्रिया, उद्योग यांत रस आहे, त्याने केवळ संशोधनाच्या प्रतिष्ठेसाठी बेंगळुरूला येऊ नये.

पालकांना एवढीच विनंती की, संस्थांची क्रमवारी चाळण्यापूर्वी घरातील उत्पन्न, कर्ज आणि हप्ते यांची मुलांशी मोकळेपणाने चर्चा करावी. मुले आपल्या खिशाची काळजी न बोलता वाहत असतात, आणि त्या ओझ्याखाली आपली आवड गिळून टाकतात. शैक्षणिक कर्ज हे विद्यार्जनाचे साधन आहे. विषय कोणता घ्यावा, हे त्या कर्जाच्या भीतीने ठरू नये.