मतपेटीचे भय कोणाला?

महाविद्यालयीन निवडणुकांचा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. 'मुलांनी अभ्यास करावा, राजकारण करू नये,' हे पहिले आणि 'पूर्वी काय घडले ते विसरलात काय?' हे दुसरे. पहिल्या वाक्यात उपदेश आहे, दुसऱ्यात धाक आहे. या दोहोंच्या आडोशाने महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या जवळजवळ दोन पिढ्यांना स्वतःचा प्रतिनिधी स्वतः निवडण्याच्या हक्कापासून दूर ठेवण्यात आले. हा अन्याय होता असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु केवळ 'निवडणुका घ्या' अशी घोषणा करून आम्ही थांबणार नाही. निवडणूक न्याय्य व्हायची असेल तर तिला काटेकोर नियमांची चौकट हवी आणि ती चौकट राखणारे निःपक्ष हात हवेत. प्रश्नाचे खरे मर्म तेथे आहे.

पूर्वी काय घडले हे आम्ही विसरलेलो नाही. १९८९ साली मुंबईत निवडणुकीच्या तापलेल्या वातावरणात एका विद्यार्थी-कार्यकर्त्याचा खून झाला. तत्पूर्वीही मारामाऱ्या, धमक्या, उमेदवारांची पळवापळवी हे प्रकार अनेक आवारांत चालतच होते. पालक हादरले, प्राचार्य हवालदिल झाले, आणि शासनाने अखेर जो उपाय योजला तो १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यात उतरला. त्यानुसार प्रत्येक वर्गातून मागील परीक्षेत गुणवत्ता दाखविलेला विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून नेमला जाऊ लागला. क्रीडा, सांस्कृतिक कार्य, राष्ट्रीय सेवा योजना, राष्ट्रीय छात्रसेना यांचे प्रतिनिधी व दोन विद्यार्थिनी यांचीही नेमणूकच. मतदान उरले ते एवढेच, की या नेमलेल्यांनी आपल्यातून एक सचिव निवडावा.

काळाचा योगायोग पाहा. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले ते १९८९ च्याच मार्च महिन्यात. म्हणजे देशाने ज्या वयाच्या तरुणाला पंतप्रधानाचे भवितव्य ठरविण्यास पात्र मानले, त्याच तरुणाला महाराष्ट्राने वर्गप्रतिनिधी निवडण्यास अपात्र ठरविले! एकविसाव्या वर्षी तो गावचा सरपंच होऊ शकतो, ग्रामपंचायतीचा जमाखर्च सांभाळू शकतो, मात्र जिमखान्याच्या निधीचा हिशेब विचारणारा प्रतिनिधी त्याने मतपेटीतून निवडावा, हे आम्हांला धोक्याचे वाटते. यापेक्षा मोठी विसंगती कोणती?

गुणवत्तेवर नेमणूक ही कल्पना वरवर पाहता मोठी सात्त्विक दिसते. पहिला आलेला विद्यार्थी पुढे येतो, गुंड मागे राहतो, आणखी काय हवे? परंतु येथे दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. गुणपत्रिका परीक्षक देतो, प्रतिनिधित्व वर्गाने द्यायचे असते. जो परीक्षेत पहिला आला त्याला वसतिगृहातील पाण्याचा प्रश्न ठाऊक असेलच असे नाही. ठाऊक असला तरी त्यासाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजविण्याची त्याची इच्छा असेलच असेही नाही. मुख्य म्हणजे त्याने काही केले नाही, तर वर्ग त्याला जाब कशाच्या बळावर विचारणार? ज्याला आपण निवडले नाही त्याला आपण बदलूही शकत नाही. असा प्रतिनिधी विद्यार्थ्यांना उत्तरदायी राहत नाही. ज्यांनी त्याला नेमले त्यांचा तो ऋणी राहतो, आणि नेमके त्यांच्याच समोर त्याला विद्यार्थ्यांची तक्रार मांडायची असते.

बरे, या व्यवस्थेने गैरप्रकार तरी थांबले काय? साधे गणित करून पाहू. तीन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात सर्वांनी थेट मतदान केले, तर जिंकणाऱ्याला शेकडो मुलांपर्यंत पोहोचावे लागते. तेवढ्यांना विकत घेणे अवघड आणि धमकावणे त्याहून अवघड. पण मतदार केवळ तीस असतील तर सोळा जण पुरेत. सोळा जणांना एका गाडीत बसवून 'सहली'ला नेता येते, मतदानाच्या सकाळपर्यंत कोंडून ठेवता येते, जेवणावळी घालता येतात. जी.एस. आणि यू.आर. या पदांभोवती जे किस्से महाविद्यालयांच्या कट्ट्यांवर वर्षानुवर्षे रंगत आले, त्यांचे मूळ या लहानशा मतदारसंघात आहे. रोग हटविण्याच्या नावाखाली मतदार हटविले गेले, रोगाला मात्र अधिक सोयीचे घर मिळाले.

हे आमचेच मत आहे असे कोणी समजू नये. केरळातील एका खटल्याच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल २००६ च्या मे महिन्यात आला आणि २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने तिच्या शिफारशी लागू करण्याचा आदेश दिला. या समितीने नेमणूक पद्धतीत अनेक दोष असल्याचे नमूद करून ती केवळ तात्पुरता उपाय म्हणूनच चालू द्यावी, केवळ परीक्षेतील गुणांवर तर ती मुळीच बेतू नये, आणि पाच वर्षांच्या अवधीत सर्व संस्थांनी निवडणुकीकडे वळावे, असे सांगितले. पाच वर्षे २०११ मध्ये पूर्ण झाली. महाराष्ट्राने निवडणुकीची तरतूद करणारा नवा सार्वजनिक विद्यापीठ कायदा केला तो २०१६ साली. पुढे नियम तयार होण्यात आणखी काळ गेला. २०१९ साली वेळापत्रक जाहीर झाले, आणि विधानसभेची निवडणूक तोंडावर आहे म्हणून तेही पुढे ढकलण्यात आले. मग करोनाची साथ आली. साथ ओसरली, वर्ग भरले, परीक्षा झाल्या, पदवीदान समारंभ झाले. तरीही पुढची कित्येक शैक्षणिक वर्षे मतपेटी कपाटातच राहिली. विधानसभेच्या निवडणुकीमुळे विद्यार्थ्यांची निवडणूक लांबते हे कारण ऐकून आम्हांला तर असे वाटले, की मोठ्यांच्या जेवणासाठी धाकट्यांचे पान उचलावे त्यातलाच हा प्रकार.

म्हणून न्याय्य निवडणुकीचा आमच्या मते पहिला नियम असा, की तिची तारीख शासनाच्या मर्जीवर असता कामा नये. लिंगडोह समितीने सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांच्या आत निवडणूक व्हावी आणि अर्ज भरण्यापासून निकालापर्यंतची सारी प्रक्रिया दहा दिवसांत संपावी असे म्हटले आहे. हा कालावधी परिनियमातच बांधून टाकावा. ज्याला लांबणीवर टाकण्याचा अधिकार आहे त्याला रद्द करण्याचाही अधिकार आपोआप मिळतो. राजस्थानात २०२३ साली शासनाने एका आदेशासरशी त्या वर्षाच्या विद्यार्थिसंघ निवडणुका रद्द केल्या. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेतील पदवीधरांची निवडणूक २०२३ मध्ये ऐनवेळी स्थगित झाली. २०२४ च्या सप्टेंबरातही ती पुन्हा अडविली गेली, आणि उच्च न्यायालयाने बजावल्यावरच मतदान पार पडले. पदवीधरांना न्यायालयात जाता आले. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांनी कोठे जावे?

दुसरा नियम मतदारयादीचा. यादी निवडणुकीच्या जाहीरनाम्याआधी फलकावर लागली पाहिजे आणि हरकतींना पुरेसे दिवस मिळाले पाहिजेत. ज्याचे शुल्क हप्त्याने भरणे चालू आहे, ज्याची शिष्यवृत्ती समाजकल्याण खात्यात अडकली आहे, त्याचे नाव 'थकबाकी' या सबबीवर गाळता कामा नये. अन्यथा गरिबाचे मत कार्यालयातील खिडकीपाशीच बाद होईल. मतदानाची वेळही सकाळ, दुपार व रात्रीच्या सत्रांतील मुलांना सोयीची हवी. विरार किंवा कर्जतहून लोकलने येणाऱ्या मुलीला दोन तासांच्या मतदानासाठी सुट्टीच्या दिवशी बोलाविणे म्हणजे तिला न बोलाविणेच होय.

तिसरा नियम निर्वाचन अधिकाऱ्याविषयी. प्राचार्यांच्या हाताखालील प्राध्यापकाने निवडणूक घ्यायची, त्याच प्राचार्यांनी तक्रारींचा निकाल द्यायचा, आणि निवडून आलेल्या प्रतिनिधीने त्याच प्राचार्यांच्या कारभारावर बोट ठेवायचे! ही साखळी तोडली पाहिजे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विद्यार्थीच आपली निवडणूक समिती निवडून निवडणूक घेतात आणि अध्यक्षपदाच्या उमेदवारांचा जाहीर वादविवाद हे तेथील प्रचाराचे मुख्य अंग असते. सर्वत्र ते जमेल असे आम्ही म्हणत नाही. परंतु निर्वाचन अधिकारी दुसऱ्या महाविद्यालयाचा असावा, मतमोजणी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर व्हावी आणि निकालपत्रावर त्यांच्या सह्या असाव्यात, एवढे तर कोठेही जमू शकते. लिंगडोह समितीने सुचविलेल्या तक्रार निवारण कक्षात शेवटच्या वर्षातील एक विद्यार्थी व एक विद्यार्थिनी यांना स्थान आहे. तो कक्ष कागदावर न राहता मतदानापूर्वीच बसला पाहिजे, आणि तक्रारीचा निर्णय लेखी व कारणांसहित दिला पाहिजे.

चौथा नियम पैशाचा. उमेदवारी खर्चाची मर्यादा समितीने पाच हजार रुपये ठरविली, निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब देण्याचे बंधन घातले, छापील भित्तिपत्रकांना मनाई केली आणि राजकीय पक्षांकडून पैसा घेण्यास बंदी केली. यातील दोन आठवड्यांचे बंधन आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते, पण हिशेब कपाटात ठेवण्यासाठी नसतो. तो फलकावर लागला पाहिजे. कोणी जेवण घातले, कोणाच्या गाड्या फिरल्या, हे कट्ट्यावरील प्रत्येकाला ठाऊक असते. खोटा हिशेब सर्वांच्या डोळ्यांसमोर टांगला गेला की तो खोटा म्हणणारे उभे राहतात.

पाचवा नियम माघारीचा, आणि याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. दडपशाहीचा खरा मुहूर्त मतदानाचा दिवस नसतो. अर्जांची छाननी आणि माघारीची अखेरची घटका यांच्या दरम्यान ती चालते. रात्री घरी निरोप जातो, वडिलांच्या नोकरीचा उल्लेख होतो, आणि सकाळी मुलगी निमूटपणे अर्ज मागे घेते. मग 'बिनविरोध' निवडीचे पेढे वाटले जातात. यासाठी माघार उमेदवाराने स्वतः, निर्वाचन अधिकारी व तक्रार कक्षातील विद्यार्थी-सदस्यांसमोर, कारण नोंदवूनच घ्यावी. एकच उमेदवार उरला तरी मतदान व्हावे आणि मतपत्रिकेवर नापसंतीची जागा असावी. बिनविरोध निवडीत दर वेळी सामंजस्यच असते असे मानण्याइतके आम्ही भाबडे नाही.

पात्रतेच्या अटींविषयी मात्र आमचा थोडा मतभेद आहे. पूर्णवेळ विद्यार्थी असावा, गुन्ह्याची नोंद नसावी, पदवीच्या उमेदवाराचे वय बाविसापर्यंत असावे, पंचाहत्तर टक्के हजेरी असावी, हे समितीचे म्हणणे रास्त आहे. वर्षानुवर्षे नापास होऊन आवारात ठाण मांडणारे 'नेते' त्यामुळे दूर राहतील. परंतु निवडणुकीच्या वर्षी एकही विषय राहिलेला नसावा ही अट खेड्यातून, मातृभाषेतून शिकून आलेल्या पहिल्या पिढीच्या मुलावर अधिक जाचक ठरते. इंग्रजीच्या एका प्रश्नपत्रिकेने त्याचा आवाज बंद करणे म्हणजे जुनी गुणवत्तेची गाळणी मागल्या दाराने पुन्हा बसविणे होय. त्याला निवडावे की नाही हे त्याच्या वर्गाला ठरवू द्यावे.

येथे विरोधक दिल्लीकडे बोट दाखवतील. नियम असूनही तेथे काय घडले ते पाहा, म्हणतील. खरे आहे. २०२४ साली दिल्ली विद्यापीठाच्या निवडणुकीत भिंती, फलक व सार्वजनिक जागा इतक्या विद्रूप करण्यात आल्या, की उच्च न्यायालयाने ती सफाई होईपर्यंत मतमोजणीच रोखून धरली. सप्टेंबरात पडलेली मते नोव्हेंबरच्या अखेरीस मोजली गेली. पण या घटनेचा बोध आम्ही निराळा घेतो. कायद्याने निवडणूक बंद केली नाही. ज्यांनी भिंती रंगविल्या त्यांना त्या पुसायला लावल्या, आणि मगच निकाल दिला. नियमभंगाला शिक्षा करावी, मतदाराला करू नये, हे साधे न्यायतत्त्व महाराष्ट्राने १९९४ साली विसरून मतदारालाच शिक्षा केली. रस्त्यावर अपघात होतात म्हणून आपण वाहतुकीचे नियम कडक करतो, रस्ता उखडून टाकीत नाही.

राजकीय पक्ष आवारात शिरतील ही भीतीही आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण ते बाहेर होते केव्हा? अधिसभेत ते आहेत, संस्थांच्या कार्यकारिणींत ते आहेत, वार्षिक स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरील मधल्या खुर्चीवर तर ते असतातच. नेमणुकीच्या पद्धतीने त्यांना रोखले नाही. उघड निवडणुकीत निदान ते उघडपणे दिसतील, आणि विद्यार्थ्यांना त्यांना उघडपणे नाकारता येईल.

आमच्या वाचकांत पालक आहेत, प्राध्यापक आहेत, काही संस्थाचालकही आहेत. त्यांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे, की शासनाची वाट पाहत बसू नका. आपल्या महाविद्यालयात वर्गप्रतिनिधी गुप्त मतदानाने निवडण्यास कोणाची आडकाठी आहे? नियमानुसार नेमणूक करावी लागत असेल तर वर्गाने निवडलेल्याचा सल्ला घेऊन कारभार चालविण्यास कोण मना करतो? विद्यार्थी निधीतून किती जमा झाले व किती खर्ची पडले हे फलकावर लावण्यास कोणत्या परिनियमाची गरज आहे? अठरा वर्षांच्या मुलाला मतपत्रिका दिली तर तो एखादे वेळी चुकेल. वर्षभराने पुन्हा मतदान असेल तर तो ती चूक दुरुस्तही करील. ही संधीच न देता त्याला पदवी देऊन बाहेर पाठवायचे आणि मग देशात नागरिक जागरूक नाहीत म्हणून व्याख्याने द्यायची, हा दुटप्पीपणा आता पुरे झाला.