ग्रँडमास्टर व्हायचंय? आधी पासपोर्ट काढा!

किताब जगभर एकच. पण तिथवर नेणारा जिना प्रत्येक देशात वेगळा. कुठं पायऱ्या भरपूर, तर कुठं मधल्या पायऱ्याच गायब!

२८ जुलै २०२५. जॉर्जियातलं बटुमी शहर. नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखनं टायब्रेकमध्ये कोनेरू हम्पीला हरवलं आणि महिला विश्वचषक जिंकला. त्याच विजयानं ती ग्रँडमास्टरही झाली, भारताची ८८वी. अभिनंदनाचे स्टेटस पडले, रील्स झाल्या. आणि मग बुद्धिबळ खेळणाऱ्या पोरापोरींमध्ये एक प्रश्न फिरायला लागला. अरे, पण तिच्याकडे तर एकही ग्रँडमास्टर नॉर्म नव्हता. मग झाली कशी?

झाली ती नियमानंच. महिला विश्वचषक जिंकणाऱ्या खेळाडूला ‘फिडे’ म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ थेट ग्रँडमास्टर किताब देतो. दिव्या २०२१ मध्ये महिला ग्रँडमास्टर आणि २०२३ मध्ये इंटरनॅशनल मास्टर झालेली होती. पुढची पायरी तिनं एका उडीत गाठली. पण ही उडी दोन वर्षांतून एकदा आणि एकीलाच मिळते. बाकी बहुतेकांना जिना चढूनच जावं लागतं. आणि तो जिना कुठल्या देशात उभा आहे, यावर बरंच काही ठरतं.

नियम काय म्हणतो?

फिडेनं अधिकृतपणे ग्रँडमास्टर किताब द्यायला सुरुवात केली १९५० मध्ये. पहिल्या यादीत २७ जण होते. आजचा नियम ढोबळमानानं असा आहे:

• रेटिंग एकदा तरी २५०० ला पोहोचलं पाहिजे. पुढं घसरलं तरी चालतं, किताब आयुष्यभराचा.

• साधारण तीन ‘नॉर्म’ हवेत, मिळून किमान २७ डाव. नॉर्म म्हणजे एखाद्या स्पर्धेत २६०० रेटिंगच्या तोडीचा खेळ करून दाखवणं.

• त्या स्पर्धेतल्या तुमच्या प्रतिस्पर्ध्यांमध्ये किमान तीन ग्रँडमास्टर हवेत.

• नऊ डावांत तुमच्याच देशाचे प्रतिस्पर्धी जास्तीत जास्त पाच. म्हणजे किमान चार परदेशी हवेत, आणि तेही एकाच देशाचे चालत नाहीत.

इंटरनॅशनल मास्टरसाठीही नॉर्म लागतात, फक्त रेटिंगची अट २४०० ची. त्याखाली फिडे मास्टर (२३००) आणि कँडिडेट मास्टर (२२००). हे दोन्ही नुसत्या रेटिंगवर मिळतात. महिलांसाठीचे किताब याशिवाय वेगळे. महिला ग्रँडमास्टरला रेटिंग लागतं २३००. म्हणून दिव्याच्या वेळी ‘ती तर आधीच ग्रँडमास्टर होती ना?’ असं विचारणाऱ्यांचा गोंधळ झाला. महिला ग्रँडमास्टर वेगळं, ग्रँडमास्टर वेगळं. दुसऱ्या किताबात मुलगा-मुलगी असा फरकच नाही.

आता चौथी अट पुन्हा वाचा. खरी मेख तिथं आहे.

चार परदेशी आणायचे कुठून?

युरोपचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. बुडापेस्टहून रेल्वेत बसलं की साधारण तीन तासांत व्हिएन्ना, तेवढ्यातच ब्राटिस्लाव्हा. तीन शहरं, तीन देश, तीन महासंघ. तिथल्या आयोजकाला परदेशी खेळाडू जमवणं म्हणजे दादरच्या आयोजकानं ठाणे, कल्याण आणि पुण्याची मंडळी बोलावण्यासारखं. म्हणूनच हंगेरी, सर्बियात खास नॉर्मसाठी छोट्या स्पर्धा भरतात. दहा खेळाडू, त्यात तीन ग्रँडमास्टर, हवे तेवढे परदेशी, नऊ फेऱ्या. बसा आणि खेळा.

अमेरिकेचा अभिमन्यू मिश्रा २०२१ मध्ये १२ वर्षं ४ महिन्यांचा असताना जगातला सगळ्यात लहान ग्रँडमास्टर झाला. कुठं? न्यू जर्सीत नाही, बुडापेस्टमध्ये. त्यासाठी तो वडिलांसोबत काही महिने हंगेरीत मुक्काम ठोकून होता.

गोव्याचा लिऑन मेंडोन्सा तर तिथं अडकलाच. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा तो आणि त्याचे वडील बुडापेस्टमध्ये होते. परतीची वाट बंद झाली, मग त्यानं युरोपातच एकामागून एक स्पर्धा खेळायला घेतल्या. वर्ष संपता संपता इटलीत तिसरा नॉर्म मिळाला आणि १४ व्या वर्षी तो भारताचा ६७वा ग्रँडमास्टर झाला. नागपूरच्या संकल्प गुप्तानं २०२१ मध्ये सर्बियात लागोपाठ तीन स्पर्धा खेळून अवघ्या २४ दिवसांत तिन्ही नॉर्म खिशात टाकले. तो ७१वा.

या पोरांची गुणवत्ता शंभर नंबरी. पण तिघांच्याही गोष्टीत युरोपचा मुक्काम आहे, हे विसरून चालणार नाही. त्या मुक्कामाला तिकीट लागतं, व्हिसा लागतो, आणि आईवडिलांपैकी कुणाला तरी काम सोडून सोबत जावं लागतं.

भारतात तोडीचे खेळाडू नाहीत असं थोडंच आहे? २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिम्पियाडमध्ये खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्णपदक आपलं. त्याच वर्षी गुकेश जगज्जेता झाला. तरीही एखाद्या आयोजकानं पुण्यात नऊ भारतीय ग्रँडमास्टर गोळा केले आणि एखादी मुलगी त्या नऊही जणांशी तगडं खेळली, तर नेहमीच्या नियमानं तो नॉर्म होत नाही. सवलती आहेत. राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी चालते. किमान २० परदेशी खेळाडू आलेली मोठी खुली स्पर्धाही चालते. पण सगळेच्या सगळे नॉर्म सवलतीवर मिळवता येत नाहीत.

मुंबई महापौर चषक, दिल्ली ओपन अशा स्पर्धांचं मोल म्हणूनच मोठं आहे. परदेशी खेळाडूच इथं आले की आपल्या पोरांचं विमानाचं तिकीट वाचतं. आनंद १९८८ मध्ये देशाचा पहिला ग्रँडमास्टर झाला. तिसरा ग्रँडमास्टर, आपले प्रवीण ठिपसे, व्हायला १९९७ उजाडलं. आज आकडा भराभर वाढतोय, त्यामागं पोरांच्या मेहनतीइतकाच देशातल्या स्पर्धांचा आणि परदेशवाऱ्यांचाही हात आहे.

रशियात वर्ग, अमेरिकेत मास्टर

हे झालं वरच्या मजल्याचं. पण बुद्धिबळ खेळणारी बहुतेक मुलं ग्रँडमास्टर होत नाहीत. त्यांचं काय? इथं देशादेशांमधला फरक आणखी ठळक दिसतो.

रशियात बुद्धिबळाचे दर्जे सरकारी क्रीडा वर्गवारीत बसवलेले आहेत, अगदी धावणं-पोहण्यासारखे. लहान मुलांसाठीच्या पायऱ्या, मग तिसरा वर्ग, दुसरा, पहिला, मग कँडिडेट मास्टर, मग ‘मास्टर ऑफ स्पोर्ट’. गावातल्या क्लबमध्ये खेळणाऱ्या दहा वर्षांच्या पोरालाही आपण कुठल्या पायरीवर आहोत आणि पुढची पायरी कोणती, हे ठाऊक असतं. खालचे वर्ग ठराविक मुदतीपुरते असतात. खेळ टिकवला नाही तर पुन्हा मिळवा!

ही पद्धत सोव्हिएत काळापासूनची. फिडेच्या आधीच, १९२९ मध्ये, सोव्हिएत संघानं बोरिस वेर्लिन्स्कीला ‘सोव्हिएत ग्रँडमास्टर’ केलं होतं. गंमत अशी, की घरच्या कडक स्पर्धेतून मास्टर झालेल्या कितीतरी सोव्हिएत खेळाडूंना परदेशी जायची परवानगीच मिळाली नाही. त्यामुळे इंटरनॅशनल मास्टरच्या ताकदीचे असूनही ते कागदावर कधी तसे झाले नाहीत. म्हणजे पासपोर्टची अडचण आजची नाही. पण त्यांच्याकडे निदान देशानं दिलेला किताब तरी होता.

अमेरिकेची तऱ्हा निराळी. तिथं सरकारचा संबंध नाही. ‘यूएस चेस’ ही सभासदांची संघटना स्वतःचं रेटिंग चालवते. आज जगभर वापरली जाणारी एलो पद्धतही आधी याच संघटनेनं १९६० मध्ये स्वीकारली, फिडेनं ती घेतली १९७० मध्ये. या देशी रेटिंगमध्ये २००० गाठलं की तुम्ही ‘एक्स्पर्ट’. २२०० गाठलं की ‘नॅशनल मास्टर’, तोही कायमचा. परदेशी प्रतिस्पर्धी नकोत, विमान नको. शनिवार-रविवारच्या स्पर्धा खेळत खेळतही तिथं पोहोचता येतं. हे बिरुद घेऊन लोक क्लास चालवतात, कॉलेजच्या अर्जात लिहितात. टेक्सास, सेंट लुइससारख्या ठिकाणची काही विद्यापीठं तर बुद्धिबळासाठी शिष्यवृत्तीही देतात.

अमेरिकेचा नॅशनल मास्टर फिडेच्या मोजपट्टीवर कँडिडेट मास्टरपेक्षा कच्चा निघू शकतो, कारण दोन्ही रेटिंग वेगळी आहेत. पण तो मुद्दाच नाही. या किताबाचं काम आहे खेळणाऱ्याला पुढची खूण दाखवणं, आणि ते काम तो चोख करतो.

फिडेचे स्वतःचे किताबही सगळीकडे सारख्या कष्टानं मिळतात असं नाही. ऑलिम्पियाडमध्ये किमान सात डाव खेळून निम्मे गुण मिळवले की कँडिडेट मास्टर होता येतं. ज्या देशात खेळाडूच मोजके, तिथं संघात जागा मिळणं सोपं. भारतात मात्र २६०० रेटिंगच्या ग्रँडमास्टरलाही पाच जणांच्या संघात जागा मिळेल याची खात्री नाही. अलीकडे फिडेनं अशा थेट किताबांनाही किमान रेटिंगची अट लावली, ते बरंच झालं.

आपल्याकडं मधलं काय?

आपल्याकडं रशियासारखे वर्ग नाहीत. अमेरिकेतल्या नॅशनल मास्टरसारखा, घरच्या स्पर्धांतून मिळणारा आणि चारचौघांना माहीत असलेला किताबही रुजलेला नाही. आहे ते फिडे रेटिंग. ते सुरू होतं १४०० पासून आणि पहिला नुसत्या रेटिंगवर मिळणारा किताब येतो २२०० वर. मधल्या ८०० गुणांच्या प्रवासात नुसता आकडा.

हा आकडाही आपल्या पोरांना बराच काळ दगा देत होता. मुलं क्लास, ऑनलाइन डाव, इंजिन यांच्या जोरावर झपाट्यानं सुधारतात, रेटिंग मात्र मागून रखडत येतं. मग १८०० चा मोठा खेळाडू १३०० च्या चिमुरड्याकडून हरतो आणि त्याचे गुण धडाधड कापले जातात. फिडेनं मार्च २०२४ मध्ये यावर उपाय केला. किमान रेटिंग १००० वरून १४०० केलं आणि २००० च्या खालच्या सगळ्यांना एकदाच वर उचललं. १५०० वाल्याला २०० गुण मिळाले. दुखणं कमी झालं, पण मूळ प्रश्न तिथंच आहे.

सांगली, नाशिक किंवा अकोल्यातली २००० रेटिंगची एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. जिल्ह्यात तिला तोड नाही. दहा वर्षं घासलीय. आता बारावी, नीट, जेईई. घरचे विचारतात, ‘पुढं काय?’ तिच्या हातात ट्रॉफ्या आहेत आणि एक आकडा आहे, जो बुद्धिबळाबाहेर कुणालाच कळत नाही. दहावी-बारावीचे वाढीव गुण असोत किंवा सरकारी नोकरीतलं ५ टक्के क्रीडा आरक्षण, तिथं प्रामुख्यानं ठराविक स्पर्धांतला क्रमांक बघतात. रेटिंगचा उपयोग नाही. याच ताकदीची मुलगी अमेरिकेत एक्स्पर्ट म्हणून मिरवली असती. आपल्याकडं ती ‘आधी खेळायची’ होऊन जाते.

अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघानं २०२४ मध्ये ६५ कोटींची योजना मांडली, तेव्हा देशाच्या स्वतंत्र रेटिंगची कल्पनाही जाहीर केली होती. ती नीट उतरवायची तर त्याला किताबांची जोड द्यायला हवी. घरच्या स्पर्धांतून मिळणारे, सोपे-अवघड असे तीन-चार टप्पे.

यावर आक्षेप येणार, आणि तो खोटाही नाही. किताबांची खिरापत वाटली तर त्यांना कोण विचारणार? शिवाय प्रमाणपत्रासाठी फी लावून कमाईचा नवा धंदा सुरू व्हायचा! म्हणून अटी सरळ हव्यात: अधिकृत स्पर्धांतलेच डाव, सगळ्यांना दिसणारी यादी, आणि किताबाला वेगळी फी नाही. शाळा-कॉलेजं आणि क्रीडा खात्यानं ते मानले, तर त्यांना वजन येईल. नाही मानले, तर तो आणखी एक कागदच.

आणि वरच्या मजल्याचं काय? परदेशी प्रतिस्पर्ध्यांच्या अटीमागं कारण आहे. घरातल्या घरात एकमेकांना गुण वाटून नॉर्म मिळू नयेत, देशोदेशीच्या ताकदीची तुलना राहावी, हा हेतू योग्यच. पण छोट्या देशाच्या खेळाडूला जी अट रेल्वेच्या तिकिटात पूर्ण करता येते, तिच्यासाठी खंडाएवढ्या देशातल्या मुलाला विमान पकडावं लागत असेल, तर फिडेसमोर हा विषय मांडायला भारताइतका हक्काचा देश दुसरा कोण? ऑलिम्पियाडची दोन्ही सुवर्णपदकं आपल्याकडं आहेत, जगज्जेता आपला आहे. २०२५ चा विश्वचषक गोव्यात झाला. आपलं म्हणणं ऐकून घ्यावं लागेल, एवढं वजन आज आपल्याकडं नक्कीच आहे.

तोवर नॉर्म स्पर्धेची फी भरण्याआधी तीन गोष्टी मात्र आयोजकांना जरूर विचारा. ग्रँडमास्टर किती येणार? परदेशी किती आणि किती देशांचे? आणि त्यातल्या कुणी ऐनवेळी माघार घेतली, तर बदली खेळाडू कोण? उत्तरं गोलमाल आली, तर पैसे खिशातच ठेवा. ते पुढच्या तिकिटाला लागतील.