माळव्याचे पाणी कोणी संपवले?

पावलापावलावर पाणी ही माळव्याची जुनी ख्याती. आपले पूर्वज पेशवाईत इकडे आले आणि इथलेच झाले, ते या काळ्या जमिनीच्या आणि पाण्याच्या भरवशावर. त्याच माळव्यात, पवारांच्या देवासला १९९० साली रेल्वेने पाणी आणावे लागले. आज इंदूर, देवास, उज्जैन, रतलाम, मंदसौर जिल्ह्यांतले अनेक विकासखंड भूजलाच्या 'अतिशोषित' यादीत आहेत.

विचारले की उत्तर ठरलेले, "पाऊसच राहिला नाही हो!" आम्हाला हे मान्य नाही. इंदूरची सरासरी आजही नऊशे मिलिमीटरच्या आसपास आहे. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात याच्या निम्माही पाऊस पडत नाही. तिथे ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा हिशोब मांडून पिके ठरवते, शेतीसाठी बोअर घेऊ देत नाही आणि ऊस, केळीला मनाई करते. कमी पावसाचे गाव तरले आणि आपण कोरडे पडलो, याचा दोष आभाळाला कसा द्यायचा?

आमच्या आज्यांना आठवत असेल तो काठिया गहू, म्हणजे आपला बन्सी. पावसाळ्यात मुरलेल्या ओलाव्यावर, एकही पाणी न देता यायचा. १९७० नंतर सोयाबीन आले, त्यामागून रब्बीला पाण्यावरचा गहू, बटाटा, लसूण आला. पैसा आला, नाकारत नाही. पण पाणी ट्यूबवेलचे. माळव्याखाली दख्खनचाच काळा पाषाण आहे. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. खाली जावे तशा भेगा कमी होतात. शेजाऱ्याचा बोअर तीनशे फूट म्हणून आपला सहाशे, यात नवे पाणी मिळत नाही, शेजाऱ्याचेच ओढले जाते.

सरकारचे काय? जमीन ज्याची, पाणी त्याचे, ही समजूत १८८२ च्या सुखाधिकार कायद्यापासून चालत आली आहे. पंपाचे बिल हॉर्सपॉवरवर ठरावीक. मोटर दोन तास चालवा की दहा, फरक शून्य. देशात उपसलेल्या भूजलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक सिंचनाला जाते, आणि त्यावर मीटर बसवू म्हणणारा एकही पक्ष निवडणुकीत दिसत नाही. उलट २०१४ साली नर्मदेचे पाणी सुमारे साडेतीनशे मीटर वर चढवून क्षिप्रेत सोडले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या मंडळांनीही सत्कार केले! अहिल्यादेवींच्या जयंतीला हार घालायचे आणि त्यांच्या काळच्या बावड्यांत कचरा टाकायचा, हेही आपणच.

उपाय लांब नाही. देवास जिल्ह्यातच २००६ पासून शेतकऱ्यांनी स्वतःच्या शेतातली जागा देऊन हजारो तळी खोदली आणि रब्बी त्यांवर काढली. मात्र तळे पावसाच्या पाण्याने भरायचे. महाराष्ट्रात काही ठिकाणी प्लास्टिक अंथरून बोअरचेच पाणी शेततळ्यात साठवतात, ती नक्कल इकडे नको. ती सरळसरळ उचलेगिरी आहे.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही ठराव आणत आहोत. शेती असलेल्या सभासदांनी नवा बोअर घेऊ नये, दिवाळीनंतर विहिरीची पातळी मोजूनच रब्बीचे क्षेत्र ठरवावे, आणि पंपांना मीटर लावावेत अशी मागणी आपण स्वतः सरकारकडे करावी. सभेत पहिला प्रश्न असेल, कोणाच्या शेतात तीनाहून अधिक बोअर आहेत? हात वर करायचे आहेत. कार्यकारिणीतल्या आम्हा दोघांनाही ते करावे लागतील.