इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस कशाला?

किराणा दुकानात, मेडिकलमध्ये, कापडाच्या पेढीवर हा प्रश्न एकाच सुरात विचारला जातो. विचारणाऱ्यांना मी दोष देत नाही. महाराष्ट्रात भारनियमनाची ती लांबलचक वर्षं ज्यांनी गल्ल्यावर बसून काढली, त्यांना इन्व्हर्टरनेच तारलं. पण तेव्हा काउंटरवर कॅल्क्युलेटर आणि बिलबुक असायचं. आज तिथे संगणक, थर्मल प्रिंटर, बारकोड स्कॅनर आणि राउटर आहे, आणि त्या संगणकात दुकानाचा स्टॉक, उधारी, जीएसटीचा सगळा हिशेब आहे. दिवे-पंख्यांसाठी घेतलेल्या यंत्राच्या भरवशावर हे सोडणं चूक आहे. त्याहून मोठी चूक म्हणजे वीज गेल्यावर काय करायचं एवढाच विचार करणं आणि वीज परत येताना काय होतं ते विसरणं.

आधी इन्व्हर्टरचं बघू. वीज गेल्यावर तो बॅटरीवर यायला थोडा वेळ घेतो. ट्यूबलाइट लुकलुकते, पंख्याला कळतही नाही. संगणकाला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमध्ये मात्र पूर्ण भारावर १५-२० मिलिसेकंद तग धरण्याइतकीच ऊर्जा साठलेली असते, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं जेमतेम एक आवर्तन. इन्व्हर्टर त्याहून हळू असला की संगणक रीस्टार्ट होतो आणि अर्धवट लिहिलेली डेटा फाइल बिघडते. बऱ्याच इन्व्हर्टरांच्या पाठीमागे यूपीएस मोडचा खटका असतो. तो टाकला की यंत्र चपळ होतं, पण किती दुकानांत तो टाकलेला असतो? शिवाय स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहरीची वीज देतो. नव्या संगणकांतले काही एसएमपीएस ती नीट पचवत नाहीत. ‘आमचा तर वर्षानुवर्षं चालतोय’ हे उत्तर मला माहीत आहे. चालतो तोवर चालतो. ज्या दिवशी बिलिंगची फाइल उघडत नाही आणि शेवटचा बॅकअप दोन महिन्यांपूर्वीचा निघतो, त्या दिवशी सगळी उधारी आठवणीतून लिहून काढावी लागते.

वीज परत येतानाच्या उसळीचं काय, असं विचारलं की दुसरा पक्ष म्हणतो, आम्ही स्पाइक बस्टर लावलाय. तो उघडून बघा. बाजारातल्या कितीतरी पट्ट्यांमध्ये एक स्विच, एक फ्यूज आणि एक लाल दिवा एवढंच असतं. तो दिवा वीज चालू आहे इतकंच सांगतो. खरं संरक्षण एमओव्ही नावाच्या चकतीत असतं. व्होल्टेज मर्यादेबाहेर उसळला की ती क्षणार्धात वाहक बनते आणि जादा वीज वळवून देते. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही वाटांवर ती हवी. आणि ती झिजते. प्रत्येक मोठ्या तडाख्याला तिचं आयुष्य कमी होतं. म्हणून संरक्षण शाबूत असल्याचं वेगळं दाखवणारा दिवा असलेलीच पट्टी घ्यावी, आणि तो विझला की पट्टी बदलावी.

तरीही, चांगल्यातली चांगली पट्टी एका संकटापुढे हतबल आहे, आणि आपल्या बाजारपेठांत ते संकट नेहमीचं आहे: न्यूट्रल तुटणं. खांबावरचा किंवा इमारतीच्या मीटरपाशी असलेला न्यूट्रलचा जोड सैल झाला की वेगवेगळ्या फेजवरची दुकानं एकमेकांशी मालिकेत जोडली जातात आणि दोन फेजमधले ४०० हून अधिक व्होल्ट त्यांच्यात विषम वाटले जातात. ज्या फेजवर भार कमी, तिथे व्होल्टेज जास्त चढतो. २३० व्होल्टवर चालणारा प्रिंटरचा अडॅप्टर साडेतीनशेवर किती टिकणार? एमओव्ही क्षणभराची उसळी झेलण्यासाठी बनलेली असते. मिनिटभर टिकणारा जादा व्होल्टेज तिलाच जाळतो, कधी पट्टीसकट. स्टॅबिलायझरची झेपही तिथवर नसते. एमसीबी तर पडतही नाही, कारण तो करंट बघतो, व्होल्टेज नाही. इथे लागतं ते पॅनेलमध्ये बसणारं ओव्हर-अंडर व्होल्टेज संरक्षण. ठरावीक मर्यादेबाहेर ते पुरवठा तोडतं आणि वीज स्थिर झाल्यावर काही सेकंद थांबून जोडतं. माझ्या मते दुकानदाराचा पहिला खर्च यावर व्हावा, यूपीएसच्याही आधी.

आणि त्याच्या जोडीला अर्थिंग. याबद्दल मला चीड येते, कारण सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. जुन्या पेठांतल्या गाळ्यांत सॉकेटचं तिसरं भोक पुष्कळदा नुसतं शोभेला असतं. कुठे अर्थची वायर भिंतीतच संपते, कुठे वायरमनने ती न्यूट्रललाच बांधलेली असते, आणि तसं असेल तर न्यूट्रल तुटल्यावर यंत्राच्या धातूच्या अंगावर वीज येते. उसळी अर्थमध्ये सोडणाऱ्या चकतीला अर्थच नसेल तर तिने ती सोडायची कुठे? नवा यूपीएस घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला अर्थ टेस्टर घेऊन बोलवा, अर्थिंगचा खड्डा तपासा, उन्हाळ्यात त्यात पाणी घाला. मग पॅनेलमध्ये टाइप २ चं सर्ज संरक्षण बसवा, आणि त्याच्या वायरी अर्ध्या मीटरच्या आत ठेवायला सांगा. वायर लांबली की संरक्षण पातळ होतं.

विजांच्या हंगामात, म्हणजे मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात, तडाखा फक्त मीटरमधूनच येतो असंही नाही. गच्चीवरच्या कॅमेऱ्याची कोअॅक्स, माडीवरच्या गोदामापर्यंत ओढलेली तांब्याची लॅन केबल, या त्याच्या आडवाटा. ऑप्टिकल फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही, तेव्हा जमेल तिथे फायबर घ्यावं. ढग गडगडू लागले की प्लग काढायचा, ही जुन्या लोकांची सवय अगदी बरोबर होती. फक्त आता त्यात डेटा केबलही काढायला हवी.

आता यूपीएस. संगणक, एलईडी मॉनिटर, थर्मल प्रिंटर, राउटर आणि फायबरचा डबा मिळून साधारण दीडशे ते दोनशे वॉट. स्वाइप मशीनला आणि यूपीआयच्या साउंडबॉक्सला स्वतःची बॅटरी असते, बहुतेक इलेक्ट्रॉनिक काट्यांनाही असते. लेझर प्रिंटर आणि डीप फ्रीझर यूपीएसवर कधीही नको, एकाचा हीटर आणि दुसऱ्याचा कॉम्प्रेसर तो खाली बसवतील. ६०० व्हीएचा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस बहुधा ३६० वॉट देतो, म्हणजे एका काउंटरला पुरेसा. आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. नवी असताना ती या भारावर काही मिनिटं देते. चालू बिल पुरं करून संगणक रीतसर बंद करायला एवढी मिनिटं पुष्कळ आहेत. दोन काउंटर असतील तर मोठा एक घेण्यापेक्षा छोटे दोन घ्या. एक बिघडला तरी दुसरी रांग चालू राहते.

तासभर धंदा चालवायचाच असेल तर इन्व्हर्टरला त्याची खरी जागा द्या: साइनवेव्ह इन्व्हर्टर, आणि त्याच्या पुढे हा छोटा यूपीएस. मधलं अंतर यूपीएस भरतो, लांबचा पल्ला इन्व्हर्टर गाठतो. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर हे जमेलच असं नाही. बरेच यूपीएस ती लहर नाकारतात आणि आपली बॅटरी संपवून बसतात.

‘मुंबईत वीज जातच नाही’ असं म्हणणाऱ्यांना १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवत असेल. शहरभर वीज गेली आणि लोकलसुद्धा जागच्या जागी थांबल्या होत्या. दुसऱ्या टोकाला काही विक्रेते प्रत्येक गाळ्याला ऑनलाइन यूपीएस गळ्यात मारतात. तो उत्तम असतो, पण महाग आणि सतत तापणारा. जनरेटरवर चालणाऱ्या मोठ्या दुकानात, जिथे व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही डोलतात, तिथे तो घ्यावाच. एका काउंटरच्या किराणा दुकानाला त्याची गरज नाही.

राहिली बॅटरी. सीलबंद लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर मोजलेलं असतं, आणि दर दहा अंशांच्या वाढीला ते अंदाजे निम्मं होतं. अकोल्यात, जळगावात, नागपुरात मे महिन्यात शटर लावलेल्या दुकानात, पोत्यांच्या मागे कोंबलेल्या यूपीएसचं काय होत असेल याचा विचार करा. त्याला हवा लागू द्या, बसवल्याची तारीख मार्करने वर लिहा, महिन्यातून एकदा भिंतीवरचा स्विच बंद करून तो किती मिनिटं टिकतो ते बघा. प्लग उपटू नका, त्याने अर्थही सुटतो. वेळ निम्म्यावर आली की बॅटरी बदला. जुनी भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, आणि नवी घेताना जुनीचे पैसे वजा करून मागता येतात.